कडी लावून झोपणाऱ्या माझ्या सहप्रवाशास

लिमयेसाहेब,

मरताना तुम्ही कोणालाही हाक मारली नाहीत, ही तुमच्याविरुद्धची माझी मुख्य तक्रार आहे, आणि ती मी प्रारंभीच नोंदवून ठेवतो. मुख्य मागणी शेवटच्या परिच्छेदात मांडावी, असा आमच्या अर्जनविसीचा रिवाज आहे. परंतु तुमच्या बाबतीत रिवाज पाळण्याइतका संयम सध्या माझ्यापाशी नाही. हैदराबादेत आबिड्सच्या पोस्टाबाहेर मेज टाकून मी उभे आयुष्य लोकांच्या तक्रारी कागदावर उतरवल्या. घुम्या माणसाच्या तोंडून तक्रार काढण्यात माझा हात धरणारा या शहरात दुसरा नाही. हे मी अभिमानाने नव्हे, वस्तुस्थिती म्हणून लिहितो. अशा माझ्यासमोरच्या बाकावर बसून तुम्ही घाम पुसता, 'जिना उतरताना जरा दम लागला' एवढेच सांगता, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जगातूनच निघून जाता. याला काय म्हणावे?

तुमचे शिक्षण, नोकरी, हुद्दा इत्यादी तपशील चिरंजीव शेखररावांनी वर्तमानपत्रात छापून आणले आहेत. त्याखाली 'शोकाकुल आप्त व मित्रपरिवार' असे आहे. त्या 'परिवारा'त मी कोठेतरी बसलो असेन. परंतु जे त्या चौकटीत मावले नाही ते सांगणारा माझ्याशिवाय कोणी नाही, म्हणून हा मजकूर.

वास्तविक आपली ओळख हैदराबादेतच व्हायला हवी होती. तुम्ही चिक्कडपल्लीत, मी मलकपेठेत. मधे काय ती मुसी नदी. पण ती झाली थेट राजस्थानात, महालासारख्या सजवलेल्या आगगाडीत. ते दिवसच तसे होते. बाजार नुकता सैल झाला होता. साबणाच्या वडीबरोबर चमचा मिळे आणि मिक्सर घेणाऱ्याला सिंगापूर दाखवण्याचे आमिष असे. मी रंगीत टीव्ही घेतला आणि त्याच्या कुपनावर मला पहिले बक्षीस लागले: एका व्यक्तीस आठवडाभराचा शाही रेल्वेप्रवास. 'एकालाच?' आमच्या मंडळींनी विचारले. 'मग तुम्हीच जावा. मला ते काटे-चमचे नक्को.' तुमचे तिकीट शेखररावांच्या सॉफ्टवेअर कंपनीने त्यांना खूश होऊन दिलेले. त्यांना ऐनवेळी अमेरिकेला जावे लागले. त्यांनी ते वडिलांच्या हाती ठेवले. एकट्या प्रवाशांना दोघा-दोघांनी एका खोलीत ठेवण्याची त्या गाडीची पद्धत होती. मॅनेजरने दोघांच्याही नावापुढे हैदराबाद पाहिले आणि आपली गाठ मारून दिली.

'आपण मराठी का?' तुम्ही टोपी काढत विचारलेत.

'हौ,' मी म्हटले.

तुम्ही हसलात. ते हसणे मला आवडले नव्हते, हे आज स्पष्ट करतो. तुम्ही मूळचे पुण्याचे, आणि पुण्याचा माणूस हैदराबादच्या मराठी माणसाला असाच हसतो, जणू आम्ही त्याची भाषा भाड्याने घेतली आणि भिंतींना भलताच रंग दिला. आमचे घराणे निजामाच्या राज्यातले शेतकरी. माझे शिक्षण नववीपर्यंत, तेही अर्धे उर्दूत. हे मी तुम्हाला लगेच सांगितले नाही. मी माझे कार्ड दिले. 'अर्जनवीस व सल्लागार,' तुम्ही मोठ्याने वाचलेत. 'सल्ला कशाचा देता?'

'कोणत्या साहेबाकडे काय मागावे, याचा.'

'वा! म्हणजे मागण्यातले तज्ज्ञ! आणि मला मागता काही येत नाही. छान जोडी लावलीय मॅनेजरने.'

मी तो विनोद समजलो. ती तुमची एकमेव खरी कबुली होती, हे समजायला मला फार काळ लागला.

त्या खोलीचे सरकते दार आणि त्याची पितळी कडी तुम्हाला आठवत असेल. जेवून आलो, तुम्ही दार ओढलेत आणि कडीवर हात ठेवून मला विचारलेत, 'लावू का? तुम्हाला चालेल ना?' मी म्हटले, लावा की. तुम्ही ती लावलीत. मग काढलीत. पुन्हा लावलीत. पलंगावर पाठ टेकलीत आणि 'आहा' म्हणालात. लोक गडकिल्ले पाहून जे म्हणतात ते तुम्ही एका कडीकडे पाहून म्हणालात.

'घरी कडी नाही का साहेब?'

'हॉलला कसली कडी, अर्जनवीस?' एवढे बोलून तुम्ही कूस बदललीत.

शाही गाडीतले लोक मी पुष्कळ निरखले. अशा ठिकाणी माणसे एकमेकांना डब्यावरून नव्हे, नाश्त्याच्या मेजावरून ओळखतात. सुरतेचे कापडवाले शेठ आणि शेठाणी आपल्या मेजावर असत. शेठाणीबाई घरून आणलेले खाकरे रेशमी रुमालाखाली लपवून खात आणि आपल्यालाही देत. ऑस्ट्रेलियाहून आलेल्या एक वृद्ध बाई होत्या; उन्हाने त्यांच्या नाकाची साल निघाली होती, तरी त्या प्रत्येक भिंतीला हात लावून 'लव्हली' म्हणत. शेठना सगळ्याची किंमत माहीत होती, बाईंना सगळ्याचे कौतुक होते, आणि तुम्ही सूप चाखून माझ्या कानात सांगत होता, 'साधं टोमॅटोचं सार आहे हो, आणि मीठ विसरलेत.' हसू दाबताना माझ्या कोटावर ते सार सांडले. त्या मेजावर मला एरवी परके वाटले असते. तुमच्यामुळे वाटले नाही. याबद्दल मी तुमचा ऋणी आहे, आणि हे वाक्य मी रागातही खोडणार नाही.

मग तो दिवस उजाडला. पुढे मालगाडी घसरली होती, म्हणून आपली गाडी वाळूतल्या एका लहानशा स्टेशनावर सकाळपासून उभी राहिली. वातानुकूलन बंद पडले. किल्ला गेला, उंटाची सफर गेली. दुपारपर्यंत ती शाही मंडळी सपाता घालून फलाटावर उतरली आणि नळावर तोंड धुऊ लागली. शेठ तापले होते. मी कोण, हे त्यांना ठाऊक होते. ते म्हणाले, 'मुन्शीजी, एकदम कडक लिखना! पैसा पूरा लिया, किला किधर दिखाया?'

लिमयेसाहेब, त्या दुपारी माझ्याभोवती कारखानदार उभे होते, गोरी माणसे उभी होती, आणि सर्वजण माझ्या लेखणीकडे पाहत होते. पोस्टाबाहेर माझ्याभोवती जे जमतात त्यांना दुसरा इलाज नसतो. या लोकांना इलाज होता आणि तरी त्यांनी मला बोलावले. मी माझ्या नेहमीच्या साच्यातला अर्ज इंग्रजीत केला. 'मोस्ट हंबली' पाहून त्या ऑस्ट्रेलियन बाई म्हणाल्या, आपण तर चिडलो आहोत, मग नम्र कशाला? तुम्हीच त्यांना समजावलेत की आमच्याकडे माणूस जितका चिडतो तितके नम्र लिहितो. पुढे मी लिहिले की, प्रवाशांना असह्य शारीरिक व मानसिक क्लेश झाले असून डब्यातील खोल्या मनुष्याच्या राहण्यास सर्वथा अयोग्य आहेत. एकामागून एक सह्या झाल्या. कागद तुमच्याकडे आला. तुम्ही चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचलात आणि पेनाचे टोपण लावलेत.

'इंग्रजी चुकले आहे का?' मी विचारले.

'नाही, नाही. मजकूर झकास आहे. पण खोली राहण्यास अयोग्य आहे, असं मी कसं लिहून देऊ?'

'साहेब, अर्ज आहे हा, पंचनामा नव्हे. अर्ज रडल्याशिवाय कोणी वाचत नाही.'

'असेल. पण मला काही तक्रार नाही, अर्जनवीस. खरंच नाही.'

आणि तुम्ही खोलीत गेलात, त्या भट्टीसारख्या खोलीत कडी लावलीत आणि दिवेलागणीपर्यंत झोपलात. बाईंनी त्या दिवशी फलाटावर सर्वांचा फोटो काढला होता. पुढे त्याची प्रत त्यांनी मला पाठवली. त्यात शेठ आहेत, शेठाणी आहेत, अर्ज हाती धरलेला मी आहे. तुम्ही नाही. मॅनेजरने अर्ज वाचला, सह्या पाहिल्या आणि अत्यंत गोड आवाजात मला विचारले, 'मुन्शीजी, आपके ही केबिन के साहब ने साइन नहीं किया?' प्रकरण मिठाईच्या डब्यांवर आणि झेंडूच्या हारांवर मिटले. परतीच्या प्रवासात शेठ माझ्याशी पूर्वीसारखे बोलले नाहीत. तुम्ही मात्र तुमच्या वाट्याची मिठाई मला देऊन म्हणालात, 'घ्या, तुमच्या मेहनतीचं फळ.'

आपला वाद त्या फलाटावर सुरू झाला आणि तो तुम्ही अर्धा टाकून गेला आहात. माझे म्हणणे होते, तक्रार ही जिवंत माणसाची खूण आहे. मूल जन्मते ते तक्रार करतच जन्मते. तुमचे म्हणणे असे, की तुमचे काही म्हणणेच नाही. हैदराबादेला परतल्यावर तुम्ही रोज सकाळी आबिड्सला येऊ लागलात. मी समजलो, वाद पुढे चालवायला येता. घरात बसायला जागा नसते म्हणून येता, हे कळायला हिवाळा यावा लागला.

त्या बाकावरचे तुमचे दिवस मी विसरणार नाही. तुम्ही माझ्या इंग्रजीतल्या चुका पेन्सिलीने, अगदी फिकट, अशा सुधारत असा की पक्षकारांना त्या दिसू नयेत. लिहून झालेला अर्ज मी पक्षकाराला वाचून दाखवल्याशिवाय त्याच्या हाती देत नाही. ते वाचन हळूहळू तुमच्याकडे आले. तुमच्या त्या शांत पुणेरी आवाजात आपले गाऱ्हाणे ऐकून बायाबापड्या रडत. एकदा एक म्हातारी म्हणाली, 'मेरे कू मालूमच नहीं था, मेरे पे इत्ता जुल्म हुआ!' तुम्ही तिच्यासाठी डोळे पुसलेत. दुसऱ्याच्या तक्रारीवर ओले होणारे तुमचे डोळे! मी नववी शिकलो, हे तोवर तुम्हाला समजले होते. तुम्ही ते कोणाला सांगितले नाही आणि मला जाणवूही दिले नाही. लोक तुम्हाला माझा कारकून समजत. तुम्ही त्यांना तसे समजू देत होता. हे तुमचे मोठेपण होते, की तीही मागायची न जमलेली एक गोष्ट, याचा निकाल मला आजही लावता येत नाही.

एका रविवारी मी न बोलावता तुमच्या घरी आलो. तिसरा मजला. दार उघडताच हॉल, आणि हॉलमध्ये टीव्हीसमोर तुमची खाट. मॅच चालू होती; शेखररावांचे मित्र तुमच्या खाटेवर बसून ओरडत होते आणि तुम्ही त्याच खाटेच्या कोपऱ्यावर, पाहुण्यासारखे, गुडघे जवळ घेऊन बसला होता. तुमच्या कपड्यांची पिशवी सोफ्यामागे. आतल्या दोन खोल्यांपैकी एक मुलाची व सुनेची, दुसरी नातवाची. घरात कोणी वाईट नव्हते. सूनबाईंनी मला खारे दाणे दिले, तुम्हाला गोळीची आठवण करून दिली. पण त्या घरात तुम्हाला सदरा बदलायलाही न्हाणीघराचा आसरा होता.

माझ्याच्याने राहवले नाही. मी म्हटले, 'शेखरराव, आपल्याकडे एक विनंती होती...'

'शेखर, यांना चहा दे रे,' तुम्ही माझे वाक्य कापलेत. 'बिनसाखरेचा.' मी आयुष्यात बिनसाखरेचा चहा प्यायलेलो नाही!

मला पोहोचवायला तुम्ही जिन्यापर्यंत आलात आणि तेथे आपले भांडण झाले.

'तुम्हाला मी वकीलपत्र दिलं होतं का?' तुमचा आवाज प्रथमच चढला होता.

'एक दार मागायचे आहे साहेब, तख्त नव्हे! मुलगा नाही म्हणणार आहे का?'

'नाही म्हणणार नाही. म्हणूनच मागत नाही. मी तोंड उघडलं की तो दुसऱ्या दिवशी नातवाची खोली रिकामी करील. किंवा कर्ज काढून मोठं घर घेईल. तुमच्या त्या साहेबांकडे तक्रार केली की फाइल हलते, अर्जनवीस. घरात तक्रार केली की माणूस हलतो.'

'मग हलू द्या!'

'नको.'

'पण तुम्हाला त्रास होतो की नाही?'

तुम्ही कठडा धरलात. 'दुपारी सगळे बाहेर जातात,' तुम्ही म्हणालात. 'तेव्हा मी बाहेरच्या दाराला आतून कडी लावतो. तासभर. पुरतं तेवढं.'

वाक्य चांगले होते आणि चूक होते. पायऱ्या उतरत मी मनात त्याचे खंडन तयार केले, मलकपेठेला पोहोचेपर्यंत ते पक्के झाले, आणि त्यानंतर तुम्ही तो विषय मला कधी काढू दिला नाही.

त्या शेवटच्या सकाळी तुम्ही बाकावर बसलात तेव्हा कपाळावर घाम होता. थंडीचे दिवस. मी विचारले, काय होते आहे? 'काही नाही. जिना उतरताना जरा दम लागला.' तुम्ही डावा हात चोळत होता. मी पुन्हा विचारले, दरडावून विचारले. 'अहो, परेशान होऊ नका,' तुम्ही माझीच बोली माझ्यावर उलटवलीत. मी रिक्षा बोलावली, इस्पितळात जाऊ म्हटले. तुम्ही 'घरीच जातो' म्हणून रिक्षावाल्याला चिक्कडपल्ली सांगितलेत आणि मला हात केलात. दुसऱ्या दिवशी दुपारी घर रिकामे झाले. नेहमीप्रमाणे तुम्ही कडी लावलीत. नातू शाळेतून आला, घंटी वाजवत राहिला. शेजारी जमले, शेखररावांना ऑफिसातून बोलावले, आणि दार फोडावे लागले. डॉक्टर म्हणाले, वेळेवर कोणी आत आले असते तर कदाचित. त्या 'कदाचित'ने तुमच्या मुलाला पार खाऊन टाकले आहे. हे तुमच्या हिशेबात होते का? जो आपल्यामुळे हलू नये म्हणून तुम्ही एवढे जपलेत, तो आता स्वस्थ बसू शकत नाही. दिवसकार्याची तयारी करतानाही तो येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारीत होता, 'बाबांना कितीदा सांगितलं होतं, हार्टचा त्रास आहे, कडी लावू नका. का लावायचे?' लोक म्हणत, म्हातारपण, चोरांची भीती. मी गप्प होतो. तुम्ही मला वकीलपत्र दिले नव्हते.

दहाव्याला आम्ही मुसीकाठच्या घाटावर होतो. पिंड ठेवले. कावळा शिवला नाही तर काय करतात, हे तुम्हाला सांगायला नको. कोणीतरी पुढे होऊन, मेलेल्याच्या मनात राहिले असेल ते मोठ्याने बोलायचे आणि ते पुरे करण्याचा शब्द द्यायचा. मी त्याच आशेवर आलो होतो. कावळा अडणार, सर्वजण एकमेकांकडे पाहणार, आणि मग मी पुढे होऊन सर्वांसमक्ष तुमचे जे काही आहे ते मांडणार, अशी वाक्ये रात्रीपासून तोंडात घोळवली होती. आयुष्यातला माझा सर्वांत चांगला अर्ज होता तो, लिमयेसाहेब.

भटजींचा हात मागे फिरायच्या आत कावळा आला. एक नव्हे, दोन. पिंडाला चोच लागली आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मेल्यावरसुद्धा तक्रार नाही! मला इतका संताप आला की मी पायात नसलेली चप्पल शोधली.

शेखरराव पायरीवर माझ्याजवळ येऊन बसले. त्यांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी सैल झाला होता. 'काका,' ते म्हणाले, 'लगेच शिवला. म्हणजे बाबांचं काही राहिलं नव्हतं, नाही का?' थोड्या वेळाने तोच चेहरा पुन्हा आक्रसला. 'पण मग कडी का लावायचे हो?'

मी पाण्याकडे पाहिले. 'हो, काही राहिले नव्हते' म्हटले असते तर तो मनुष्य त्या दिवशी जेवला असता. तुम्हाला तेच हवे होते, हे मला पुरते ठाऊक होते. पण तुमच्या शांतपणाची शिक्षा तो कारण न कळता जन्मभर भोगणार, हे मला मंजूर झाले नाही.

'राहिले होते,' मी म्हटले. आणि सांगितले. प्रस्तावना नाही, विशेषणे नाहीत. गाडीतली खोली, तिची कडी, हॉलमधली खाट, जिन्यातले भांडण, दुपारचा तो तास. 'त्यांना एक दार हवे होते,' मी म्हटले, 'आणि तुम्ही ते लगेच द्याल, या भीतीने त्यांनी मागितले नाही.'

मला वाटले, आता ते रडतील किंवा मला उठून जायला सांगतील. ते ताडकन उभे राहिले, पिंडाकडे वळले आणि भटजी, आप्त, सगळ्यांदेखत ओरडले, 'अहो, मग सांगायचं ना! एकदा, नुसतं एकदा सांगायचं ना बाबा!'

कावळे उडाले. भटजी मंत्र विसरून पाहत राहिले. तुमच्या घरात, लिमयेसाहेब, कोणीतरी अखेर मोठ्याने तक्रार केली होती, आणि ती तुमच्याविरुद्ध होती. मी उठून तुमच्या मुलाशेजारी उभा राहिलो.